ज्याला हसलो, त्याच्या शेजारी

माझा भाचा लोकांना हसवून पोट भरतो. हातात माईक, मागे कोरा पडदा, साथीला ना पेटी ना मृदंग. तासभर उभ्याने बोलायचे आणि समोरच्या दीड-दोनशे माणसांना हसवायचे, एवढाच त्याचा व्यवसाय. त्याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी, गळ्यात माळ, दारात तुळस. त्यामुळे हा मुलगा नोकरी सोडून या वाटेला लागला तेव्हा आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, फार लागले. गेल्या मार्गशीर्षात ती मला म्हणाली, "अरे, तू कीर्तनाला गावोगाव हिंडतोसच. एकदा त्याच्याबरोबर हिंडून ये. खातो काय, निजतो कुठे, आणि बोलतो काय, ते मला येऊन सांग."

शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी सांगली, रविवारी सोलापूर असा त्याचा तीन दिवसांचा दौरा होता. मी पिशवीत हरिपाठाची पोथी टाकली आणि निघालो.

खरे सांगायचे तर पहिला दिवसभर मला त्याचे आणि माझे जगणे एकच वाटले. तोही पिशवी खांद्यावर टाकून परगावी उतरतो. कोणी अनोळखी माणूस त्याला न्यायला येतो. कार्यक्रम रात्री, म्हणून सगळा दिवस वाट पाहण्यात जातो. कार्यक्रमाआधी त्याला घास गिळत नाही आणि कार्यक्रम संपतो तेव्हा हॉटेले बंद होत आलेली असतात. कोल्हापुरात रात्री साडेअकराला आम्ही दोघांनी एका गाडीवर उभ्याने अंडाबुर्जीवाल्याकडून नुसता पाव आणि चहा घेतला, कारण मला दुसरे काही चालणारे नव्हते. दीडशे माणसे ज्याच्यासाठी टाळ्या पिटत होती, तो अर्ध्या तासात फुटपाथवर एकटा उभा होता. आईचा फोन आला. "जेवलास का?" हा पहिला प्रश्न. तो म्हणाला, "हो, जेवलो." कीर्तनकारांच्या घरीही हेच खोटे रोज बोलले जाते.

दुसरे साम्य पुनरुक्तीचे. तो तेच बोलणे प्रत्येक गावात बोलतो. एक वाक्य लोकांना हसू आणील असे बसवायला त्याला महिने लागतात. आधी पंचवीस-तीस माणसांपुढे ते बोलून पाहायचे, हसू न आले तर एखादा शब्द मागे-पुढे करायचा, पुन्हा बोलायचे. मला वाटले, आपणही तोच हरिपाठ रोज म्हणतो, तोच अभंग शंभर गावांत सोडवतो. मग त्याच्या फिरण्यात आणि आपल्या फिरण्यात फरक तो काय? या प्रश्नाचे उत्तर मला सांगलीहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीत मिळाले, आणि ते दिले एका महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने. तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

या कार्यक्रमांत एक रीत असते. निवेदनाच्या ओघात समोर बसलेल्या कोणाला तरी हेरायचे, चार प्रश्न विचारायचे आणि त्याच्या उत्तरांवर जागच्या जागी विनोद करायचा. पाठ केलेले नसते, म्हणून लोकांना ते फार आवडते. सांगलीत पहिल्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. भाच्याने विचारले, "काका, काय करता?" ते म्हणाले, "वॉचमन हाय. इथल्याच एका कॉलेजात. रातपाळी." लगेच विनोद झाला, की काका इथे आहेत तर कॉलेज आज कोण राखतंय. सगळे हसले, काकाही हसले. "मुलंबाळं?" "एक पोरगी. त्याच कॉलेजात शिकती." "म्हणजे गेटवर बापाला ओळखपत्र दाखवून आत जाते? आज आलीय का?" "आलीय की. मागं बसलीय, मैत्रिणींच्यात."

सगळे सभागृह मान वळवून मागे पाहू लागले. भाचा म्हणाला, "ताई, हात वर करा बघू!" कोणाचाच हात वर आला नाही. दोन क्षण गेले. मग तो काकांकडे वळून म्हणाला, "काका, गेटवर सगळ्यांची ओळख पटवता. लेकीनं मात्र तुम्हाला ओळख दाखवली नाही!"

त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा या वाक्याला आला. खोटे कशाला बोलू, मीही हसलो.

सकाळी सांगली स्थानकावर आम्ही सोलापूरची गाडी धरली. भाचा प्रत्येक कार्यक्रम फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी प्रवासात ऐकतो. कुठे हशा आला, कुठे पडला, हे वहीत टिपतो. हा त्याचा अभ्यास. त्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाला, "मामा, हे ऐक. कालचा सगळ्यात मोठा." हशाची लाट कानात आदळली. तेवढ्यात मिरज आले, आणि गाडीत ते काका चढले. मागे त्यांची मुलगी. मंगळवेढ्याला नात्यात साखरपुडा होता. जागा मिळाली ती आमच्या शेजारच्याच बाकावर.

काकांनी ओळखले. तोंडभर हसून म्हणाले, "काल लई हसिवलासा ओ! पोट दुखाय लागलं." मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने काका आवाज उतरवून, तक्रार नव्हे, नुसती माहिती द्यावी तसे म्हणाले, "पोरीनं मैत्रिणींस्नी सांगितलं नव्हतं, गेटवरचा माणूस आपला बाप हाय म्हणून. आता कळलं. कधी ना कधी कळायचंच की."

भाच्याने कानातले काढून खिशात ठेवले. वहीही मिटली.

सांगोल्याला गाडी दहा मिनिटे थांबली. तो खाली उतरला, चार चहा घेऊन आला. काकांनी घेतला. मुलगी म्हणाली, "नको." तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "माझं काल चुकलं." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. ना राग, ना रडू. एवढेच म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही आज सोलापूरला. मला उद्या कॉलेजला जायचंय."

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळे आले. हसवणारा पुढच्या गावी जातो. ज्याला हसले गेले तो तिथेच राहतो. हशा तासाभरात विरतो, पण मैत्रिणींच्या नजरेतून तिला सोमवारी, मंगळवारी, पुढचे सारे वर्ष जावे लागणार. प्रवासी विनोदकाराला जो मोकळेपणा असतो, तो पुष्कळदा या निघून जाण्याचा असतो. गावात कायम राहणारा माणूस असे बोलायला दहादा विचार करील, कारण सकाळी पाण्याला, दुकानाला, देवळाला तेच तोंड समोर येणार.

कोणी म्हणेल, मुलीचीच चूक. बाप प्रामाणिकपणे रात्र जागून तिला शिकवतो, त्याची लाज का वाटावी? हा आक्षेप खरा आहे. वाटू नये. पण ती लाज फेडणे हे त्या मुलीचे आणि बापाचे काम. ते त्यांच्या घरात, त्यांच्या वेळेने झाले असते. दोनशे अनोळखी माणसांपुढे तिची ती गाठ ओढण्याचा अधिकार कोणी दिला? माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना हात, पाय, दृष्टी यांच्याबरोबर वाणीचीही अहिंसा सांगितली आहे. तिथे अहिंसकाच्या वाणीने जे दोष टाकले त्यांची यादीच दिली आहे. त्यात दुसऱ्याचा उपहास आहे, छळणे आहे आणि वर्मावर बोट ठेवणेही आहे. यातली खोच पाहावी. वर्म कुठे आहे हे पुष्कळदा बोलणाऱ्याला ठाऊकच नसते. भाच्यालाही नव्हते. म्हणून दोष कमी होईल, पण जखम कमी होत नाही. अंधारात काठी फिरवणाऱ्याने "मला दिसत नव्हते" म्हणून चालत नाही. दिसत नव्हते तर फिरवायची कशाला?

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो भाच्याने मंगळवेढ्याच्या अलीकडे घेतलाच. म्हणाला, "मामा, असं प्रत्येकाला जपायचं म्हटलं तर विनोद उरतच नाही. आणि संतांनी काय कोणाची टिंगल केली नाही?"

केली. भरपूर केली. तुकोबारायांनी ढोंग्यांना जे शब्द वापरले ते आजच्या कोणत्याही विनोदकाराला परवडणार नाहीत. पण तुकोबाराय बोलून निघून गेले नाहीत. ज्यांचे दंभ त्यांनी उघडे केले, त्यांच्याच गावात, देहूतच ते राहिले. त्याची किंमत त्यांनी घरादारानिशी मोजली. आणि त्यांचा शब्द ज्यांच्यावर चालला ते मठ-मान-अधिकार असलेले लोक होते. गेटवर रात्र काढणाऱ्यावर तो चालला नाही.

नाथमहाराजांची भारुडे पाहा. पैठणच्या या थोर पुरुषाने विनोदाचे भांडार उघडले. पण त्या भारुडांत ते बहुतेक ठिकाणी 'तो' म्हणत नाहीत, 'मी' म्हणतात. विंचू चावतो तो त्यांना. आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही सोंगे येतात, पण आंधळ्याकडे बोट दाखवून हसणारा कोणी त्यात नाही. बोलणाराच आंधळा होतो आणि मग माझे आंधळेपण कुठले, ते सांगतो. भवानीला नवस करून सासू-सासरा-जाऊ-नणंद साऱ्यांतून सुटका मागणारी सून आपल्याला हसवते. पण हसता हसता शेवटी कळते, की हे आपल्याच मनातल्या गोतावळ्याचे गाऱ्हाणे आहे. नाथ ज्याचा विनोद करतात, आधी त्याच्या अंगात शिरतात. आपल्याकडे रंगभूमीवरही हे पुण्य काहींनी केले. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये 52 पात्रे एकट्याने उभी केली आणि गावोगाव लोकांना हसवले. ती माणसे त्यांच्याच मराठवाड्याच्या मातीतली. ज्यांच्यावर हसायचे त्या प्रत्येकाचा आवाज आपल्या गळ्यात घ्यावा लागला, त्यामुळे ते हसणे कोणाला परके वाटले नाही.

गाडगेबाबांचे तर आयुष्यच रस्त्यावर गेले. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, आज या गावी तर उद्या त्या गावी. त्यांच्या कीर्तनात लोक पोट धरून हसत. बाबा प्रश्न विचारत आणि समोरचे उत्तर देत. कर्ज काढून सण कोण करतो, दारू कोण पितो, देवापुढे बकरे कोण कापतो, हे सारे लोकांच्याच तोंडून वदवून घेत. म्हणजे भाचा जे करतो तेच. फरक एवढाच, की बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गावाच्या गल्ल्या झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्याच्या अंगणातला कचरा सकाळी उचलला, त्याच्या मनातल्या कचऱ्यावर रात्री बोट ठेवले. बाबाही दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातच. म्हणून निघून जाणे हे पाप नव्हे. पण जाण्याआधी तुम्ही त्या माणसाच्या शेजारी किती वेळ होता, हा प्रश्न आहे.

आता वारीकडे येऊ. वारीही प्रवासच, आणि वारीत हसणे काही कमी नाही. साठीची माणसे फुगड्या घालतात, पडतात, एकमेकांच्या फजितीवर खदखदून हसतात, भारुडात नाना सोंगे घेतात. पण ज्याला हसलो तो उद्या पहाटे आपल्याच शेजारी, त्याच दिंडीत, त्याच उन्हात चालणार असतो. त्याच्याच हातून आपल्याला पाण्याचा तांब्या घ्यायचा असतो. त्यामुळे विनोदाला आपोआप लगाम राहतो आणि गोडीही राहते. आणि तरीही कोणाला दुखावले गेलेच, तर वारीने त्याची सोय केली आहे. मुक्कामाला पालखी पोचली की समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. लाखोंचा समाज त्या एका टाळासाठी थांबतो. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मग पुढचे. केवढी थोर रीत आहे ही! आपल्या पूर्वजांनी आनंदाच्या गजरातही दुखावलेल्याचा आवाज ऐकू येईल अशी व्यवस्था ठेवली.

भाच्याच्या फोनमध्ये नेमके याच्या उलट आहे. त्या ध्वनिमुद्रणात दोनशे जणांचे हसणे ऐकू येते. मागच्या रांगेत जी एक मुलगी हसली नाही, ती त्यात कुठेच नाही. तो रोज रात्री आपला अभ्यास करत होता, पण जे ऐकायला हवे होते ते त्यात उमटतच नव्हते. तिच्या हाती टाळ नव्हता.

हे सगळे मी त्याला गाडीत सांगू लागलो आणि मध्येच माझी जीभ थांबली. मला माझेच कीर्तन आठवले. पाच-सहा वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी लोक पेंगायला लागले म्हणून सासू-सुनेवरून सुरुवात केली आणि बोलता बोलता सासर सोडून माहेरी येऊन बसलेल्या मुलींवर घसरलो. मंडप हसून हसून हलला. कीर्तन संपले, हार झाला, पाकीट झाले. कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, हार-बुक्का घेऊ नये, जनावराला वैरणही घेऊ नये, असे तुकोबारायांनी आम्हाला बजावले आहे. त्यातले मी किती पाळतो ते पांडुरंगाला ठाऊक. यजमानांच्या घरी जेवायला बसलो. वाढायला त्यांची तिशीतली लेक होती. मी सहज विचारले, "सासर कुठले?" यजमान गप्प झाले. ती म्हणाली, "मी इथंच असते, महाराज," आणि माझ्या ताटात आमटी वाढली. हात थरथरला नाही, आमटी सांडली नाही. मी जेवलो आणि रात्रीच दुसऱ्या गावच्या जीपने निघालो. त्या गावाने पुढच्या वर्षीही मला बोलावले. कीर्तन रंगले होते ना! मी गेलो नाही. कारण सांगितले दुसऱ्या तारखेचे. खरे कारण हे, की त्या ताटापुढे पुन्हा बसायची हिंमत नव्हती.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती एसटीत भाच्याला सांगितली. म्हणजे स्टँड-अपवाले वाईट आणि कीर्तनकार थोर, असे म्हणायला मला जागाच उरली नाही. माझ्या पाठीशी चौदा टाळकरी उभे होते, गळ्यात वीणेकऱ्याने घातलेला हार होता, समोर माउलींची प्रतिमा होती. एवढे असूनही मी तेच केले, आणि तेही तसेच, हशाच्या आशेने. जिथे पाकीट हशावर ठरू लागते, तिथे जीभ सर्वांत दुबळा माणूस शोधते. कारण तो उलटून बोलत नाही. ही ओढ माईकमध्येही आहे आणि व्यासपीठावरही आहे.

मग कसोटी कोणती? त्या मुलीनेच ती दिली आहे. विनोद करण्याआधी एवढे विचारावे, की उद्या सकाळी मला याच माणसाच्या शेजारी चालावे लागले तर माझे पाऊल अडेल का? आपण ज्याच्या दंभावर, ज्याच्या सत्तेवर बोललो, त्याच्या शेजारी चालताना भीती वाटेल, पण लाज वाटणार नाही. तिथे खुशाल बोलावे. स्वतःवर बोललो तर प्रश्नच नाही, स्वतःच्या शेजारी तर जन्मभर चालायचेच आहे. पण ज्याच्या शेजारी मान खाली घालावी लागेल, तो विनोद कितीही हशा आणो, टाकून द्यावा. त्यात भिण्यासारखे काही नाही. आपल्या फजितीचे, आपल्या अहंकाराचे भांडार एवढे मोठे आहे, की जन्मभर विषय पुरून उरतील.

मंगळवेढे आले. चोखोबांनी जिथे देह ठेवला ते गाव. काकांनी उतरताना माझी माळ पाहिली आणि "माउली" म्हणून वाकले, मीही वाकलो. भाचा त्यांच्या पायाशी वाकला तेव्हा ते चटकन मागे सरले, म्हणाले, "आवं, हे काय." मुलगी आधीच उतरली होती. तिने मागे वळून पाहिले नाही. पाहावे अशी अपेक्षाही करू नये. क्षमा मागणे आपल्या हाती, मिळणे नव्हे.

रात्री सोलापुरात मी मागच्या रांगेत बसलो. सवयीने त्याने पहिल्या रांगेतल्या एकाला विचारले, "दादा, काय करता?" तो म्हणाला, "काही नाही, सध्या घरीच आहे." सभागृहाने हसायची तयारी केली. मला दिसले, की वाक्य त्याच्या ओठावर आले होते. तो थांबला. मग म्हणाला, "मीही दोन वर्षं घरीच होतो," आणि नोकरी सोडल्यावर आईने शेजाऱ्यांना काय काय सांगितले, त्याची गोष्ट सांगू लागला. हशा आला, पण सांगलीसारखा नाही. कार्यक्रमाच्या आयोजकाने नंतर विचारलेच, "आज जरा थंड गेलं का?" भाच्याने मान डोलावली. त्याचा पुढचा दौरा अशाच हशांवर ठरतो, हे मला माहीत आहे. म्हणून हा निर्णय त्याला फुकट पडलेला नाही, आणि रोज रात्री नव्याने घ्यावा लागणार आहे. एका दिवसाने माणूस पालटला, असे मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर आक्काने विचारले, "काय रे, कसा आहे?" मी म्हणालो, "जेवणाचे हाल आहेत. निजणे गाडीत. माणूस म्हणून वाटेला लागतोय."

"आणि तू?" तिने विचारले. तिला काही ठाऊक नव्हते, सहज विचारले. मी त्या सप्ताहाच्या गावी निरोप धाडला आहे, की या वर्षी बोलावलेत तर येईन. पाकीट नको. जेवायला त्याच घरी बसेन, आणि त्या लेकीची क्षमा मागेन. ती काय म्हणेल ते म्हणेल. पांडुरंग तेवढे बळ देवो.

रामकृष्णहरी.